गाठ काखेत, वाट कोपरातून

पहिली भेट

बाई ४१ वर्षांच्या. ऑफिसात हिशेबाचं काम, आधीचा कुठला आजार नाही, औषध चालू नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आंघोळीच्या वेळी साबण लावताना डाव्या काखेत काहीतरी हाताला लागलं, त्याला चार दिवस झाले होते. खुर्चीत बसता बसताच त्यांनी सांगून टाकलं, "डॉक्टर, माझ्या मोठ्या बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. तिचंही काखेतल्या गाठीपासूनच कळलं."

पुढच्या दोन आठवड्यांची दिशा या एका वाक्यानं ठरवली. त्यांची ठरली, यात नवल नाही. माझीही ठरली, हे कबूल करायला हवं.

गाठ तीन सेंटिमीटर लांब, दोन रुंद. काखेच्या मधोमध, जरा दंडाच्या बाजूला. रबरासारखी घट्ट, बोटाखाली सरकणारी, दाबल्यावर चांगलीच दुखणारी. वरची कातडी किंचित गरम. अंगात कसकस, पण थर्मामीटरवर जेमतेम ९९.४. गाठ दुखते हे त्यातल्या त्यात बरं लक्षण, कारण कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही. पण 'बहुधा' या शब्दावर कुणाला झोप लागत नाही, आणि बहीण त्याच आजारातून गेलेली असेल तर मुळीच नाही.

दोन्ही स्तन तपासले, काही लागलं नाही. उजवी काख मोकळी. मग मान पुढून-मागून, जबड्याखाली, कानाच्या पुढे-मागे, दोन्ही जांघा. डाव्या कॉलरबोनच्या वरचा खळगा मी जरा जास्तच वेळ चाचपला. पायांपासून पोटापर्यंतची आणि डाव्या हाताची, डाव्या छातीची सगळी लसीका (पेशींच्या फटींतून गोळा होणारं पाणी) शेवटी डाव्या कॉलरबोनमागच्या शिरेत येऊन पडते. उजव्या बाजूला फक्त वरचा उजवा चतकोर जातो. त्यामुळे जठराचा कॅन्सरसुद्धा कधी कधी पहिल्यांदा दिसतो तो इथे, डाव्या मानेच्या बुडाशी. रुडॉल्फ फिरकोनं १८४८ मध्ये ही गोष्ट नोंदवली आणि त्या गाठीला आजही त्याचंच नाव आहे. या खळग्यात लागलेली कुठलीही गाठ, कितीही लहान असो, मी वाट बघत बसत नाही. बाईंच्या खळग्यात काही नव्हतं.

मॅमोग्राम आणि सोनोग्राफी त्याच दिवशी लिहून दिली. बहिणीचा इतिहास पाहता ती टाळण्यात अर्थ नव्हता. रिपोर्ट आला: स्तनात काही नाही, काखेत ३.१ सेंटिमीटरची एक गाठ आणि शेजारी दोन लहान. मोठीची साल जाड झालेली, रक्तपुरवठा वाढलेला, भोवतालची चरबी सुजलेली. निरोगी गाठ सोनोग्राफीत लांबट दिसते आणि तिच्या मधोमध चरबीची पांढरी रेघ असते. गाठ गोल होऊन ती रेघ पुसली गेली की काळजी वाढते. इथे रेघ एका कडेला ढकललेली होती, पण होती.

मी सात दिवसांचं नेहमीचं अँटिबायोटिक दिलं. कशासाठी? जखम दिसली नव्हती, फोड दिसला नव्हता, दाताची तक्रार नव्हती. 'गाठ दुखतेय, म्हणजे इन्फेक्शन असेल' इतकाच विचार होता, आणि तो विचार नव्हेच, हाताची सवय होती. "घरात पाळीव प्राणी आहे का?" हेही विचारलं होतं. उत्तर "नाही" आलं. केसपेपरवर तसं लिहिलं आणि पुढे गेलो.

निघता निघता बाई म्हणाल्या, "आई फोनवर म्हणाली, काही नाही, काखमांजरी झालीये, पिकेल आणि फुटेल." आम्ही दोघंही हसलो. काखमांजरी हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

काखेचं पाणलोट

पुढे काय झालं ते कळायला एक गोष्ट आधी सांगावी लागेल.

माणसाच्या अंगात लसीका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, साधारण सहाशेच्या आसपास असतात; माणसागणिक आकडा बराच कमीजास्त होतो. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश डोकं-मानेच्या पट्ट्यातच. केशवाहिन्यांतून पेशींच्या फटींत पाझरलेलं जे पाणी थेट रक्तात परतत नाही, ते लसीकावाहिन्या गोळा करतात. दिवसाकाठी दोन ते चार लिटर. वाटेत ते या गाठींमधून गाळून जातं. गाठ घेवड्याच्या बीसारखी असते: फुगीर बाजूनं आत येणाऱ्या वाहिन्या पुष्कळ, खाचेतून बाहेर पडणारी एखाद-दुसरी. येणारं जास्त, जाण्याची वाट अरुंद, म्हणून आत पाण्याची गती मंदावते आणि पांढऱ्या पेशींना प्रत्येक थेंबाची झडती घ्यायला सवड मिळते. झडतीत काही सापडलं की पेशी भराभर वाढतात, गाठ सुजते. आपण जिला 'गाठ आली' म्हणतो ती बहुतेक वेळा आधीपासून तिथे असलेली, कामाला लागलेली गाठ असते.

हाताला लागू शकतील अशा जागा मोजक्या: मान, काख, जांघ, कोपर, आणि क्वचित गुडघ्यामागची लवण. बाकीच्या खोलात असतात, श्वासनलिकेभोवती, आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात, पोटातल्या महाधमनीच्या कडेनं, ओटीपोटात. त्या स्कॅनशिवाय कळत नाहीत. (टॉन्सिल आणि पाणथरी याच घराण्यातल्या, पण लिम्फ नोड नव्हेत, त्यांच्यात बाहेरून लसीका आणून सोडणाऱ्या वाहिन्याच नसतात.)

प्रत्येक पुंजक्याचं आपलं पाणलोट क्षेत्र ठरलेलं असतं. पायाला ठेच लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मात्र 'जवळचा भाग, जवळची गाठ' हा हिशेब दर वेळी जमत नाही. वृषणाचं उदाहरण घ्या. अंडकोशाच्या कातडीचा निचरा जांघेत होतो, पण आतल्या वृषणाचा थेट वर, मूत्रपिंडांच्या पातळीवर महाधमनीच्या कडेला. जन्माआधी वृषण तिथून खाली उतरले, येताना आपली नळजोडणी सोबत घेऊन आले. म्हणून वृषणाच्या कॅन्सरमध्ये जांघ चाचपून 'काही नाही' म्हणणं फसवं ठरतं.

आता काख. तिथे वीस-तीस गाठी, शरीरशास्त्रात त्यांचे पाच गट: छातीकडचा, पाठीकडचा, दंडाकडचा, मधला आणि अगदी वरच्या टोकाचा. छातीकडच्या गटात स्तनाच्या लसीकेचा मोठा वाटा येतो. पाठीकडच्या गटात पाठ आणि मानेचा मागचा खालचा भाग. दंडाकडच्या गटात जवळजवळ अख्खा हात. तिन्ही मिळून मधल्या गटात, आणि तिथून टोकाकडे. पुढच्या बाजूनं पाहिलं तर बेंबीच्या रेषेवरची कातडी काखेकडे निचरते आणि खालची जांघेकडे.

म्हणजे काखेला तीन ओढे येऊन मिळतात. मी त्यातला एकच उगमापर्यंत पाहिला होता, बहिणीमुळे. आणि 'जरा दंडाच्या बाजूला' हे शब्द माझ्याच अक्षरात केसपेपरवर होते.

सुईचा रिपोर्ट

आठ दिवसांनी बाई परत आल्या. गाठ साडेतीन सेंटिमीटर. अँटिबायोटिकनं तसूभर फरक नाही. स्तनाची चित्रं निर्वेध असली तरी आता गाठीतून नमुना घेणं भाग होतं. बारीक सुईनं घेतला, चार दिवसांनी पॅथॉलॉजिस्टचा रिपोर्ट हातात: कॅन्सरच्या पेशी नाहीत. ग्रॅन्युलोमा आहेत, मधोमध पेशी मेलेल्या, पू-पेशी बऱ्याच.

पहिलं वाक्य वाचून बाई खुर्चीतच रडल्या. दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं.

ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचा वेढा. मारता न येणाऱ्या शत्रूभोवती शरीर पेशींची तटबंदी उभारतं. असा वेढा आणि मधोमध मृत पेशी दिसल्या की पहिला संशय टीबीवर जातो, आणि तो जायलाच हवा. नमुना टीबीच्या जंतूंसाठी रंगवून पाहिला, जंतू नाहीत. एक्सपर्ट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ. पण गाठीच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टनं टीबी पुरता बाद होत नाही. एका अनुभवी सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सहा महिन्यांचा कोर्स सुरू कर. गाठ बसली की निदान पक्कं."

सल्ला वेडगळ नव्हता. अनेक ठिकाणी असंच केलं जातं. पण या प्रकरणात तो पाळला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर बराच केला. गाठ दोन-तीन महिन्यांत आपोआप बसली असती. श्रेय गोळ्यांना गेलं असतं. बाईंच्या फाइलवर 'गाठीचा टीबी, पूर्ण बरा' असं कायमचं लिहिलं गेलं असतं, आणि कुणालाही कधी शंका आली नसती.

सुरुवात करण्याआधी मी फक्त पुन्हा एकदा तपासायचं ठरवलं. यात अंतर्ज्ञान वगैरे काही नव्हतं. गोळ्या सहा महिन्यांच्या, यकृतावर ताण आणणाऱ्या. निदान हाताखालून तरी पुन्हा जावं इतकंच.

कोपर

कोपरातली गाठ शोधायची एक पद्धत आहे. रुग्णाचा डावा हात आपल्या डाव्या हातात शेकहँड करतो तसा घ्यायचा, कोपर काटकोनात वाकवायचं. उजवा पंजा कोपरामागून घालून बोटं आतल्या बाजूला आणायची. कोपराच्या आतल्या कडेला जे टणक हाड लागतं, त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, दंडाच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंच्या मधे एक खाच असते. त्या खाचेत बोटं हलकेच फिरवायची. निरोगी मोठ्या माणसात तिथे सहसा काहीच लागत नाही. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठं काही लागलं तर ते मोजायचं, सोडून द्यायचं नाही. जांघेत दीड सेंटिमीटरची मऊ गाठ कित्येक धडधाकट माणसांना असते. कोपराला तेवढी सूट नाही.

बोटं खाचेत गेली आणि बाईंनी हात झटकन मागे घेतला. "आई गं! इथेही दुखतंय?"

वाटाण्याएवढी होती. त्यांना माहीत नव्हती, मला माहीत नव्हती, सोनोग्राफीवाल्यालाही नव्हती, कारण मी फक्त स्तन आणि काख लिहून दिली होती.

या एका वाटाण्यानं बरंच काही निकालात निघालं. स्तनाचा निचरा कोपरातून होत नाही. पाठीचा होत नाही. कोपराची गाठ ज्या पाण्यावर बसलेली असते ते पाणी येतं पंजाच्या आणि मनगटापुढच्या हाताच्या करंगळीकडच्या बाजूनं: करंगळी, अनामिका, कधी मधलं बोट. अंगठा आणि तर्जनीच्या बाजूची लसीका बहुतेक कोपर टाळून सरळ काखेत जाते. म्हणजे गोष्ट डाव्या हाताच्या करंगळीच्या अंगाला कुठेतरी घडली होती.

मी त्यांचा पंजा उजेडात धरला. करंगळी साफ. अनामिकेत अंगठी, तिच्या कडेला, करंगळीच्या बाजूनं, तांबूस-तपकिरी उंचवटा, मसुराएवढा, वर सुकलेली खपली. अर्धा अंगठीखाली गेलेला. "हे? हे अंगठीनं घासून झालंय. आता बसतंय." अंगठी काढायला सांगितली, साबण लावून निघाली. खाली उंचवट्याला लागूनच कातडीवर एक फिकट रेघ होती, सरळ, केसाएवढी, जेमतेम एक सेंटिमीटर.

"हे ओरखडलंय. कशानं?"

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मांजराचं पिल्लू."

ऑफिसच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या इंजिनामागे अडकलं होतं. चार-साडेचार आठवड्यांपूर्वी. दोघा-तिघांनी प्रयत्न केले, शेवटी यांनीच हात घालून ओढून काढलं. त्यानं नखं मारली, हात धुतला, विसरून गेल्या. "तुम्ही पाळीव प्राणी विचारलंत ना, ते पाळलेलं नव्हतं."

माझा प्रश्नच चुकला होता. तेव्हापासून मी 'गेल्या दोन महिन्यांत कुठल्या प्राण्यानं चाटलं, चावलं, ओरखडलं का' असं विचारतो.

नाव आणि उपचार

मांजराच्या ओरखड्याचा आजार. पॅरिसमधले बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांनी १९५० मध्ये त्याचं वर्णन केलं. कारण मात्र पुढची चाळीस वर्षं हाती लागलं नाही. जंतू हळू वाढणारा, नेहमीच्या कल्चरमध्ये सहज न उगवणारा. त्याला हेन्सेली हे जातिनाम १९९२ मध्ये मिळालं, आज तो बार्टोनेला हेन्सेली म्हणून ओळखला जातो. मांजरांमध्ये तो पिसवा पसरवतात. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्या कातडीत उतरते. मांजर स्वतः बहुधा ठणठणीत दिसतं. पिल्लांकडून धोका जास्त, एक तर त्यांच्या रक्तात जंतू असण्याची शक्यता अधिक, आणि दुसरं म्हणजे ती नखं आवरत नाहीत.

क्रम ठरलेला असतो. तीन ते दहा दिवसांत ओरखड्याच्या जागी उंचवटा, आणि ओरखड्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत त्या वाटेवरची गाठ. बाईंच्या तारखा मांडून पाहिल्या, तंतोतंत बसल्या. ओरखडा डोळ्याजवळ झाला असता तर डोळा लाल होऊन कानापुढची गाठ सुजली असती. पायावर असता तर जांघेतली. ग्रॅन्युलोमाचंही कोडं सुटलं, कारण हा जंतूही तसाच वेढा पाडायला लावतो, आणि त्यात पू-पेशींची गर्दी असते. रिपोर्टमध्ये 'पू-पेशी बऱ्याच' असं लिहिलेलं होतंच.

रक्तात या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी पाठवली, १:५१२ आली. इतकी पातळी या चित्रासोबत पुरेशी बोलकी. पॅथॉलॉजिस्टला फोन करून हकिगत सांगितली, तर ते म्हणाले, "ओरखड्याचं आधी सांगितलं असतंत तर मीच रिपोर्टमध्ये सुचवलं असतं." बरोबर होतं. तपासणीच्या फॉर्मवर मी 'काखेत गाठ' एवढंच लिहिलं होतं.

धडधाकट माणसात हा आजार बहुधा औषधाविनाही दोन ते चार महिन्यांत मिटतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं तर गाठ पहिल्या महिन्यात लवकर उतरते असं एका छोट्या तुलनात्मक चाचणीत दिसलं होतं, त्यानंतर फरक फारसा उरला नव्हता. गाठ मोठी, दुखणारी, आणि बाईंना हात वर करता येत नव्हता म्हणून दिलं: पहिल्या दिवशी ५०० मिलिग्रॅम, मग चार दिवस २५०. आधीच्या अँटिबायोटिकनं काही झालं नाही यातही नवल नव्हतं. त्या गटातल्या औषधांचा या आजारात प्रत्यक्ष उपयोग होताना दिसत नाही.

सहाव्या आठवड्यात गाठ मऊ पडली, मधोमध डुचमळू लागली. आईचं भाकीत निम्मं खरं ठरलं: पिकली. थोड्या रुग्णांत असं होतं. बाईंच्या घरच्यांचं म्हणणं, चिरून टाका एकदाचं. मी नाही म्हटलं. अशी गाठ चिरली तर जखम भरता भरत नाही, महिनोन्‌महिने पाझरत राहते. कडेच्या निरोगी कातडीतून जाड सुई तिरकी घालून सहा मिलिलिटर घट्ट, पिवळसर पू ओढून घेतला. सुई बाहेर पडेपर्यंत त्यांचा चेहरा सैल झाला होता. त्या रात्री त्या डाव्या कुशीवर झोपल्या, असं दुसऱ्या दिवशी मुलीनं फोनवर सांगितलं.

पिल्लू तोवर त्यांच्याच घरी राहायला आलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन पिसवांचं औषध लावून घेतलं, नखं कापून घेतली. टाकून द्यायची गरज नव्हती. घरात कुणाची प्रतिकारशक्ती खालावलेली असती, कुणाची केमोथेरपी चालू असती, तर मी जरा वेगळं बोललो असतो. तसल्या माणसांत हा आजार गाठींपुरता राहत नाही, यकृतापर्यंत जाऊ शकतो. बहिणीबद्दल म्हणूनच मुद्दाम विचारलं. त्यांचे उपचार संपून सात वर्षं झाली होती.

चौदाव्या आठवड्यात काखेतली गाठ ९ मिलिमीटर, मऊ, न दुखणारी. कोपराच्या खाचेत काही नाही. अंगठी परत बोटात. टीबीची गोळी एकही नाही. बहिणीचा इतिहास आहे तो आहेच, त्यामुळे ठरल्या वेळचा मॅमोग्राम चुकवायचा नाही, हे तारखेसह लिहून दिलं.

शेवटच्या भेटीत बाईंनी विचारलं, "ही एवढीशी उरलीये ती जाईल ना?" म्हटलं, जाईल किंवा राहील; एवढी राहिली तरी चालतं, वाढली तर या. मग त्यांनी जरा ओशाळून सांगितलं, की रोज रात्री झोपताना त्या दोन्ही कोपरांच्या खाचा चाचपतात, आणि आता उजवीकडेही दुखतंय. उजवी खाच तपासली. गाठ नव्हती. रोजच्या दाबण्यानं तिथला स्नायू दुखावला होता. पंधरा दिवस हात लावू नका, इतकंच औषध दिलं.